दोनशे बारा डबे आणि एक कोकिळा

माझी पीएच.डी. दीडशे फुलांवर अडली होती.

ही फुलं मी पाहिलेली नाहीत. माझ्या मार्गदर्शकांनीही पाहिलेली नाहीत. सात समुद्रांपलीकडे कुणीतरी फार वर्षांपूर्वी त्यांच्या पाकळ्या पट्टीने मोजून ठेवल्या, आणि तेव्हापासून जगात जो कोणी डेटाचे गट पाडायची नवी पद्धत काढतो, तो आधी याच दीडशे फुलांचे तीन गट पाडून दाखवतो. मीही पाडले. सहा वेळा पाडले. ती फुलं आता इतकी सरावली आहेत की संगणक सुरू केला की आपली आपणच उठून गटात जाऊन बसतात, असा मला संशय आहे.

नांदेडला माझे मार्गदर्शक डॉ. रामकिशन सर यांनी माझा अहवाल चाळला, बंद केला आणि म्हणाले, "सुगत, फुलं बास. खरा डेटा आणा. आपल्या मातीतला. पुढच्या महिन्यात समितीपुढं बसायचंय. समितीतल्या लोकांनी स्वतःच ती फुलं वापरून पीएच.डी. केलीय, त्यांना ती पाठ आहेत."

आपल्या मातीतला डेटा कुठे मिळतो याचा विचार करत मी लातूरची गाडी पकडली. तो दुसऱ्या दिवशी लातूरच्या स्टँडवरच मिळाला. फलाटाच्या टोकाला ढीग करून ठेवला होता आणि अजून गरम होता.

लातूरच्या माणसाला हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आजूबाजूच्या गावांतली पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला लातूरला येतात आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे डबे येतात. उजाडता आई भाकऱ्या थापते, डबा भरते, पिशवीत घालते, पिशवीच्या दोन्ही बंदांना गाठ मारते आणि पहिल्या गाडीला कंडक्टरच्या हवाली करते. साडेनऊपर्यंत स्टँडवर दोनशे बारा डबे उतरतात. पोरं येतात, आपापला डबा उचलतात, जातात. ना पावती, ना सही. मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. घड्याळ कायम असतं, मी नसतो. त्यामुळे सव्वीस वर्षांचा प्राध्यापक असूनही माझा डबा किल्लारीहून आई पाठवते. तर त्या दोनशे बारांत एक माझा.

ही व्यवस्था अनेक वर्षं सुरळीत चालली, कारण डबे सगळे सारखेच स्टीलचे असले तरी प्रत्येक पिशवी वेगळी होती. कुणाची जुन्या साडीची, कुणाची खताच्या गोणीची, कुणाची लग्नात मिळालेली. मग एका भावी आमदारांचा वाढदिवस आला.

भावी आमदारांनी प्रत्येक गावात पिवळ्या पिशव्या वाटल्या. चकचकीत, पाणी न शिरणाऱ्या, दोन्ही बाजूंना त्यांचाच हसरा फोटो. आयांनी जुन्या पिशव्यांची पायपुसणी केली आणि नव्या पिशवीत डबा घातला. सोमवारी सकाळी फलाटावर दोनशे बारा भावी आमदार ओळीने हसत उभे होते.

पहिल्याच दिवशी एका कट्टर शाकाहारी घरातल्या मुलाला अंडाकरी गेली. तक्रार त्याने केली नाही. ज्याची अंडाकरी गेली त्याने केली.

आता तुम्ही म्हणाल, नाव लिहा की. लिहिलं. त्या चकचकीत कापडावर शाई टिकत नव्हती. मग कागद चिकटवले. डब्याच्या वाफेने ते सुटले आणि ढिगात शेजारच्या पिशवीला जाऊन चिकटले, म्हणजे आता चूक नावानिशी होऊ लागली. गाडीगणिक वेगळे ठेवा म्हणाल, तर एक गाडी चौदा गावांचे डबे घेऊन येते आणि सकाळी पाच गाड्या एकदम लागतात. मग एका आईला युक्ती सुचली. तिने ओळखू यावी म्हणून पिशवीला लाल दोरा बांधला. त्याच दिवशी उरलेल्या दोनशे अकरा घरांतही हीच युक्ती सुचली. दुसऱ्या दिवशी दोनशे बारा भावी आमदार, दोनशे बारा लाल दोरे. लोकांची कल्पनाशक्ती अफाट असते, पण ती एकाच दुकानातून दोरा आणते.

भांडणं वाढली. दोन पोरांची एका डब्यावरून झटापट झाली आणि वरण चौकशीच्या खिडकीत गेलं. आगार व्यवस्थापक साहेब सज्जन माणूस, पण वरण त्यांच्या वेळापत्रकावर सांडलं होतं. त्यांनी नोटीस चिकटवली: एक तारखेपासून गाडीत डबे घेतले जाणार नाहीत.

नोटिशीचा सगळ्यांत जास्त फटका बसला तो वर्षाराणीला. ती आमच्या शेजारच्या घरात खोली करून राहते, मुखेडची, डॉक्टरकीच्या परीक्षेचा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न. तिच्या आईने, साखराबाईंनी, फोनवर सांगून टाकलं होतं.

"माय म्हणली, डबा बंद झाला की बोजा बांध आन् गावाकडं ये," ती जिन्यात उभी राहून म्हणाली. "मेस लावायची आपली ऐपत न्हाई, आन् उपाशी राहून कुणी डॉक्टर होत नसतंय, पेशंट होतंय."

"अजून सव्वीस दिवस आहेत," मी म्हणालो.

"दादा, तुमी त्या कसल्या गटांचाच अभ्यास करता ना? मग पाडा की डब्यांचे गट."

पीएच.डी.च्या चार वर्षांत माझ्या विषयाचा उपयोग मला कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. मी भारावलो. भारावलेल्या माणसाने घरमालकाला काही सांगू नये, पण मी सांगितलं.

आमचे घरमालक मल्लिकार्जुनकाका तहसिलीतून कारकून म्हणून निवृत्त झाले. अर्ज केल्याशिवाय जगात काही घडत नाही यावर त्यांची श्रद्धा आहे. पाऊस लांबला तरी त्यांना वाटतं, कुणाची तरी सही राहिली असणार.

"काय करणार म्हणता तुमी?" त्यांनी विचारलं.

"प्रत्येक डब्याची मोजमापं घ्यायची. वजन, ऊब, भाकऱ्या किती, तिखट किती. सारखे सारखे डबे संगणक एका गटात घालतो. त्यावरून तालुका ओळखायचा. मग फलाटावर तालुक्यागणिक ढीग, अकरा तालुक्यांचे अकरा."

"त्यात आडनाव टाका की. आडनाव कळलं की आर्धं काम झालं बघा."

"डब्याला आडनाव नसतं, काका."

"मग कसं व्हायचं ओ!" काका खरोखर काळजीत पडले. थोड्या वेळाने सावरून म्हणाले, "संगणक हे कोणत्या पद्धतीनं करणार? अर्जात लिहावं लागंल."

"कोकिळा-शोध पद्धतीने."

हे त्या पद्धतीचं खरंच नाव आहे. आमच्या शास्त्रात मुंग्या, मधमाश्या, लांडगे, वटवाघळं, काजवे अशा सगळ्यांच्या नावाच्या शोधपद्धती आहेत. माझ्या मावशीला तर मी जनावरांच्या दवाखान्यात लागलोय असंच वाटतं आणि ती दर दिवाळीला म्हशीबद्दल सल्ला विचारते.

काकांनी अर्ज स्वतः लिहिला. विषय: कोकिळा-शोध पद्धतीने डब्यांचे गट करणेस परवानगी मिळणेबाबत. खाली प्रत कुणाला, तर वनखात्याला.

"वनखातं कशाला?"

"पक्षी आला की वनखातं आलं. उद्या कुणी हरकत घेतली मंजे? आधीच विचारून ठिवलेलं बरं. मी चाळीस वर्षं हेच केलं."

साहेबांनी अर्ज घेतला, वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. असली परवानगी आजवर कुणी मागितली नव्हती, त्यामुळे कुणी दिलीही नव्हती, आणि कुणी न दिलेली परवानगी पहिल्यांदा देणं ही सरकारी नोकरीत आत्महत्येच्या जवळची गोष्ट आहे. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी वनखात्याकडून टपाल आलं. अत्यंत नम्र भाषेत त्यांनी कळवलं होतं की, सदर कामी या कार्यालयाची हरकत नाही. मात्र काम करताना कोणतेही घरटे हलवू नये व अंडी फोडू नयेत.

तो शिक्का बघताच आगाराच्या साहेबांचा चेहरा उजळला. "हां, मग यांची हरकत नाही तर आमची काय असणार!" म्हणाले, आणि त्यांनी तिथल्या तिथे सही केली. सोबत अट घातली: महिनाअखेरीस तीन दिवस प्रयोग करून दाखवायचा. तिन्ही दिवस तक्रारवही कोरी राहिली तर नोटीस मागे. एक जरी तक्रार आली तर डबे बंद. काका माझ्याकडे बघून फक्त खाकरले. ते खाकरणं नव्हतं, ती चाळीस वर्षांची सेवा होती.

मोजमापाला मी भंगारवाल्याकडून ताणकाटा आणला. पहिल्याच सकाळी एका बाईने मला डबे लटकवताना पाहून विचारलं, "स्टीलला काय भाव चालू हाय?" ऊब मोजायला काकांनी कोरोनातलं कपाळावर धरायचं यंत्र दिलं. मी ते एकेका पिशवीवर धरत होतो, म्हणजे दिसताना भावी आमदारांच्या कपाळावर धरत होतो. यंत्र पडलं माणसांचं, ते ऊब नाही, ताप सांगतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला.

"सुगत, माझ्या डब्याला एकशे चार ताप हाय म्हणं?"

"आई, ते यंत्र..."

"स्टँडवर सगळे म्हणून राहिले. लातूरच्या डब्यांत साथ आली म्हणं. कंडक्टर डबा धरायला नाकाला रुमाल बांधून आला. काय करून राहिलास तू तितं?"

मी तिला कोकिळेची पद्धत समजावून सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात लेकरू टाकून उडून जाणारं पाखरू. त्याच्याकडून काय शिकायचं रे माणसानं?"

तिखट मोजणं हे सर्वांत अवघड निघालं. डब्याच्या मालकाची परवानगी घेऊन मी प्रत्येक ठेचा बोटाच्या टोकाने चाखायचो आणि एक ते पाच गुण द्यायचो. चाळिसाव्या डब्यानंतर मी पाणीपण तीन गुणांचं आहे असं लिहिलं. मग काका पुढे आले. "माझ्या जिभेनं मोजा," म्हणाले, "निवृत्त झाल्यापासून तिला काम न्हाई." काकांना ठेचा लागला की उचक्या लागतात, आणि जितका तिखट तितक्या जास्त. हे गुणांपेक्षा फार अचूक. पाच दिवसांत काकांनी दोनशे बारा घरांचे ठेचे चाखले आणि एकदाही कुणाचं आडनाव विचारलं नाही. उचकी लागलेल्या माणसाला ते जमत नाही.

मोजमापांचे आठ रकाने झाले. नववा वर्षाराणीने वाढवला. ती रोज सकाळी तासाला जाण्याआधी मदतीला यायची आणि वहीत काहीतरी चित्रं काढायची.

"हे काय?"

"गाठी. दादा, पिशवी सारखी हाय, पण गाठी तऱ्हेतऱ्हेच्या हायत. आमाला अकरावीला वर्गीकरण हुतं. दिसंल ते लिहायचं, उपयोग मागून कळतो."

पीएच.डी.च्या माणसाला बारावी झालेल्या मुलीने संशोधन शिकवू नये असा कुठे नियम नाही, म्हणून मी रकाना वाढवला.

आधी मी साधी, सगळे वापरतात ती पद्धत लावली. त्यात अकरा डबे उगाच मुखिया नेमायचे. प्रत्येक डब्याने आपल्यासारख्या मुखियाच्या मागे जायचं. मग मुखियाने गटाच्या मधोमध सरकायचं, पुन्हा सगळ्यांनी जवळचा मुखिया बघायचा, आणि हालचाल थांबली की काम संपलं. दिसायला एकदम लोकशाही. पण पहिले मुखिया चुकीचे निवडले गेले तर शेवटपर्यंत सगळं चुकतंच राहतं. हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. निकाल आला: एका गटात सत्त्याण्णव डबे, एकात तीन, आणि पद्धत समाधानी. खड्ड्यात बसलेल्या माणसाला चहूबाजूंनी चढच दिसतो, त्यामुळे आपण तळ गाठला असं त्याला वाटतं. शास्त्रात याला स्थानिक किमान म्हणतात. गावात 'जागेवरच हुशार' म्हणतात.

म्हणून कोकिळा. ती खड्ड्यात अडकत नाही. समजा, पंचवीस घरटी आहेत. प्रत्येक घरट्यात एक अंडं, म्हणजे डब्यांचे गट पाडायची एक रीत. कोकिळा नवं अंडं घेऊन उडते. बहुतेक वेळा या फांदीवरून त्या फांदीवर, पण मध्येच एकदा सगळा तालुका ओलांडून. कुठल्यातरी घरट्यात ते टाकते. नवं अंडं चांगलं निघालं तर जुनं बाद. शिवाय दर फेरीला सगळ्यांत वाईट पाव हिस्सा घरटी कावळे मोडून टाकतात आणि नवी बांधतात. अशा दोन हजार फेऱ्या. ती मधली लांब उडी महत्त्वाची. शेजारच्या फांदीवर कितीही वेळा बसलं तरी दुसरं झाड सापडत नाही.

सकाळी दहाला मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोकिळा सोडली. साडेअकराला वीज गेली. पुन्हा पहिल्यापासून सोडली. काका तासातासाला फोन करून विचारायचे, "कुटवर आली?" आठशेव्या फेरीला शिपाई पंखा बंद करायला आला आणि त्याने चुकून संगणक बंद केला. तिसऱ्यांदा मी प्रयोगशाळेच्या दाराला आतून कडी लावली आणि बाहेर पाटी लावली: घरटे हलवू नये. वनखात्याच्या हुकमावरून.

दुपारी चारला निकाल आला. अकरा सुबक, गोळीबंद गट. गटातल्या डब्यांमधलं अंतर इतकं कमी की मी ते तीनदा वाचलं. शास्त्रीय भाषेत सांगायचं तर मी खुर्चीवर चढलो.

मग त्या गटांपुढे गावांची नावं लावली आणि खुर्चीवरून उतरलो. एकाही गटात एकाच तालुक्याची गावं नव्हती. गट क्रमांक चार बघा: एकोणीस डबे, त्यांत किल्लारीचा माझा, मुखेडचा वर्षाराणीचा, बाकी औसा, निलंगा, अहमदपूर, जिकडंतिकडचे. बाकीच्या दहा गटांचीही तीच कथा. माझ्या पद्धतीने अत्यंत काटेकोरपणे, दोन हजार फेऱ्या करून, खिचडी शिजवली होती.

प्रयोगाला सहा दिवस उरले होते. वर्षाराणीने यादी बघून गाठींची वही मिटली. फक्त म्हणाली, "पुस्तकांचा बोजा जड होतोय. ती आधी पाठवून देते गाडीनं." डबे बंद झाले तरी पुस्तकं गाडीत घेतात.

आईचा फोन आला तेव्हा माझा आवाज पडला होता.

"कामून रे, तुलाबी ताप आला का?"

"गट चुकले, आई. तुझा डबा कुठल्या कुठल्या गावच्या डब्यांत टाकलाय."

"कसा हाय तो गट? वाच बरं."

मी यांत्रिकपणे वाचलं. "भाकरी पातळ, सरासरी पाच. जवसाची चटणी. ठेच्याला चार उचक्या. गाठ: एका बंदाला दुसऱ्याचे तीन वेढे, शेंडा आत खोचलेला."

 मग आई हसायला लागली.

"अरे, ही आमच्या उमरीकडची गाठ. माझ्या मायनं शिकवलेली. शेतात भाकरी न्यायची तर अशीच बांधायची, मंजे कुत्र्याला सुटत न्हाई."

"पण हे डबे उमरीचे नाहीत. एक मुखेडचा, एक औशाचा..."

"डबा मुखेडचा असंल. बाई कुठली हाय ते इचारलंस का? त्या बायांचं माहेर इचार की, शाण्या."

मी फोन हातात धरूनच शेजारी गेलो. वर्षाराणीने आईला फोन लावला. "माये, तुझं माहेर कुटलं गं? ... न्हाई, मामाचं गाव म्हाईत हाय, तालुका सांग. ... उमरी?" तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या मांडीवर दोरीने बांधलेली पुस्तकं होती. तिने हळूच दोरी सोडली.

दोन दिवस आम्ही पोरांना गाठून एकच प्रश्न विचारत सुटलो: तुझ्या आईचं माहेर कुठलं? काही पोरांनी मी स्थळं बघतोय असं समजून आईऐवजी बहिणीची माहिती दिली. गट चारमधल्या एकोणीसपैकी सतरा आया उमरीकडच्या निघाल्या. अठराव्या घरी पिशवी सासू बांधते, ती उमरीची. एकोणिसाव्या घरी वडील स्वयंपाक करतात. ते शिकले बायकोकडून, बायको उमरीची. बाकीचे दहा गटही असेच, प्रत्येकाची गाठ आपापली. कुणी उदगीरकडच्या लेकी, कुणी बिलोलीकडच्या. जात वेगळी, गाव वेगळं, घर वेगळं, आणि तीस तीस वर्षं सासरी राहून भाकरीची जाडी माहेरचीच.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? कावळ्याच्या घरट्यात वाढलं तरी कोकिळेचं पिल्लू कुहूच करतंय."

हे वाक्य माझ्या प्रबंधात पान एकशे चारवर आहे. संदर्भ: सरजाबाई, किल्लारी, दूरध्वनी संभाषण.

मधल्याच एका दिवशी नांदेडला समितीपुढे बसलो. वीस मिनिटांपैकी सोळा मिनिटं समितीने प्रत्येक सदस्याच्या आईचं माहेर आणि तिथली चटणी यावर घालवली. उरलेल्या चार मिनिटांत एकाने विचारलं, "फुलांवर करून पाहिलं का?" रामकिशन सर म्हणाले, "फुलांना माहेर नसतं, सर." आणि अहवाल मंजूर झाला. वनखात्याचं पत्र परिशिष्टात जोडलं आहे.

प्रयोगाचा पहिला दिवस. फलाटावर खडूने अकरा वर्तुळं काढली. डबे लावायची जबाबदारी वाहतूक नियंत्रक नरसिंगभाऊंनी घेतली. त्यांनी वर्षाराणीची गाठींची वही एकदा चाळली आणि मग डोळे गाडीकडे, तोंड भोंग्याकडे आणि हात पिशव्यांकडे अशी कामाला सुरुवात केली. "निलंगा गाडी फलाट पाचवर लागत आहे", आणि बोटांनी गाठ चाचपून डबा वर्तुळ सातमध्ये. दोनशे बारा डबे चौदा मिनिटांत लागले. पोरं आपल्या आईच्या माहेराच्या वर्तुळात गेली, दोनशे बारांऐवजी एकोणीस-वीसांत शोधायला लागली, आणि डबे घेऊन गेली. अंडं असलेल्या डब्याला लाल दोरा बांधायचा असं ठरवलं. बेकार पडलेल्या दोऱ्याला अखेर नोकरी लागली.

साहेब टेबल टाकून बसले होते. समोर तक्रारवही, वहीला दोरीने बांधलेलं पेन.

"समजा, गटात चुकून दुसऱ्याचा गेला तर?" त्यांनी विचारलं.

"गेला तर गटातच जाईल, साहेब. आणि गटातलं अंतर अत्यल्प आहे."

"म्हणजे?"

"मंजे साहेब," नरसिंगभाऊ भोंग्यावर हात ठेवून म्हणाले, "पोराला फरक कळायचा न्हाई."

पहिला दिवस कोरा गेला. दुसरा कोरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी एक पोरगा वहीकडे चालत आला.  वर्षाराणीने डोळे मिटले. पोराने पेन उचललं, त्याने हातावर कसलासा फोन नंबर लिहिला आणि तो निघून गेला.

तीन वाजता साहेबांनी वही उघडली. तिन्ही दिवसांच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: निरंक. मग उठून भिंतीवरची नोटीस स्वतः काढली. ती इतकी घट्ट चिकटवली होती की अर्धी भिंतीवरच राहिली. अजून आहे. 'घेतले जाणार नाहीत' एवढंच वाचता येतं, कशाबद्दल ते कळत नाही. काकांनी नरसिंगभाऊंना पेढा भरवला, नरसिंगभाऊंनी काकांना, आणि मग भोंग्यावरून जाहीर झालं: "एक तारखेपासून डबे नेहमीप्रमाणे येतील. प्रवाशांनी नोंद घ्यावी." फलाटावर पोरांनी असा गलका केला की अहमदपूरची गाडी घाबरून दोन फूट मागे सरकली. वर्षाराणीने आईला फोन लावला आणि फक्त एवढंच म्हणाली, "माये, उद्याला जवसाची चटणी जास्त टाक."

मी खोलीवर येऊन डबा उघडला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. शेवग्याची आमटी, पातळ भाकरी, ठेचा. चार घास खाऊन मी काकांना म्हणालो, "काही म्हणा काका, आईच्या हाताची सर कशालाच नाही."

डबा चाटूनपुसून झाल्यावर जिन्यात पावलं वाजली. वर्षाराणी रिकामा डबा घेऊन उभी होती.

"दादा, ह्याच्या तळाशी चिठ्ठी निघाली. 'सुगत, तुझी बुद्धप्रियाताई विचारून राहिली, लग्नाचं काय ठरवलंस?'"

मी माझ्या डब्याच्या तळाशी पाहिलं. तिथेही चिठ्ठी होती. 'वर्षे, केसाला तेल लाव. परवाच्या चिठ्ठीचं उत्तर दिलं न्हाईस.'

परवाचीही चिठ्ठी? मी कालचे, परवाचे कागद शोधले. ते मी न वाचता डब्याखाली पाट म्हणून वापरले होते. तिन्ही 'वर्षे' होते. तिनेही आधीच्या दोन न वाचताच पुस्तकात खुणेला घातल्या होत्या; तिच्याकडच्या तिन्ही 'सुगत'. तीन दिवस मी साखराबाईंचा डबा खाल्ला होता आणि तिने सरजाबाईंचा, आणि आम्हा दोघांनाही आपल्या आईची आठवण येऊन गहिवरून आलं होतं.

"तक्रार करायची का?" मी विचारलं.

"कशाची? भाजी तर मायचीच हुती." तिने डब्याचं झाकण लावलं. "आन् साहेबांनी निरंक लिवलंय की."

माझ्या पद्धतीचा याहून मोठा पुरावा जगात मिळणार नाही, असं वाटून मी उत्साहाने आईला फोन केला. सगळं सांगितलं. अंतराचा आकडाही सांगितला, दशांशासकट.

पलीकडे भाकऱ्या थापायचा आवाज चालू होता, तो थांबला.

"तीन दिस," आई म्हणाली.

"हो, आई! सलग तीन!"

"आन् तुला कळलं न्हाई."

"तेच तर..."

"कशी हुती रे, साखराबाईची आमटी?"

मी विज्ञानाशी प्रामाणिक राहिलो. म्हणालो, "अगदी तुझ्यासारखीच."

फोन ठेवल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशीच्या डब्यात पाच भाकऱ्या आणि आख्खा एक कांदा होता, बाकी काही नाही. गाठ मात्र तीच, तीन वेढ्यांची, शेंडा आत खोचलेला. या साऱ्या प्रकल्पावर आलेली ही एकमेव तक्रार. ती तोंडी होती, लेखी नव्हती. त्यामुळे आगाराच्या वहीत तिची नोंद झालेली नाही.